जन्माआधीचा स्वेटर

प्रेमलताने ते मागितलं तेव्हा तिचं तोंड भिंतीकडे होतं. रुखमाबाईला वाटलं, सून पाणी मागते आहे. ती तांब्या घेऊन उठली.

"पाणी नको, आत्याबाई," प्रेमलता म्हणाली. "स्वेटर. लेकराले एक स्वेटर विणून द्या म्हणते मी."

रुखमाबाई तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली.

साल शहात्तरचं. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. नागपूरला धंतोलीत एका बाळंतपणाच्या दवाखान्यामागच्या गल्लीत दोघी सासू-सुना भाड्याची खोली घेऊन राहत होत्या. घर नरखेडच्याही पलीकडे चार कोस. तिथे संत्र्याची बाग, थोडी कपाशी, विहीर, आणि हे सगळं एकट्याने सांभाळणारा रुखमाबाईचा मुलगा चंद्रभान. प्रेमलताची आधीची दोन्ही लेकरं गेलेली. पहिलं सातव्या महिन्यात घरीच झालं आणि रडलंही नाही. दुसरं दिवस भरत आले असताना तालुक्याच्या गावी झालं, तेही मेलेलंच. या खेपेला धंतोलीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं होतं की बाळंत होईपर्यंत खाट सोडायची नाही आणि दवाखान्यापासून लांब राहायचं नाही. म्हणून बाग, ढोरं, घर सगळं मागे टाकून रुखमाबाई सुनेला घेऊन शहरात आली होती.

"काय बोलून राहिली तू, प्रेमा?" ती म्हणाली. "पोटातल्या लेकरासाठी आधी काही करत नसते. माहीत नाही काय तुले?"

"माहीत आहे."

"मंग काहून बोलतं असं?"

रुखमाबाईच्या घरात हा नियम तिच्या सासूच्या सासूपासूनचा होता. लेकरू जमिनीवर येईस्तोवर झबलं शिवायचं नाही, दुपटं करायचं नाही, पाळण्याला हात लावायचा नाही. आलं की आधी जुन्या, वापरलेल्या कापडात घ्यायचं. नवं कापड पाचवी झाल्यावर. आधी तयारी केली की वाईट नजरेला कळतं, घरात कोणी येणार आहे ते. रुखमाबाईने हा नियम कधी मोडला नव्हता, आणि कोणाला मोडू दिला नव्हता.

प्रेमलताने कूस न वळवता फक्त मान फिरवली.

"दोन्ही खेपेले आपण काहीच केलं नव्हतं, आत्याबाई. ना झबलं, ना टोपरं. तुम्ही पाळणासुद्धा माळ्यावरून काढू देला नाही. तरी गेलेच ना दोघं? तुमच्या फाटक्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून नेलं त्याइले. मले कोणी दाखवलंही नाही." तिने पांघरूण पोटावर ओढलं. "या वेळी जगलं तं घालीन. नाही जगलं तं त्याच्या अंगावर त्याचं सोताचं काही असू द्या. दुसऱ्याचं फाटकं नको."

रुखमाबाईने तांब्या खाली ठेवला आणि अंगणातल्या नळावर जाऊन बसली. नळाला पाणी नव्हतं. तरी बसून राहिली.

तिची स्वतःची तीन गेली होती. दोन चंद्रभानच्या आधी आणि एक नंतर. त्या काळी अशी लेकरं मोजत नसत. लोक विचारत, किती आहेत, आणि ती सांगे, एक. आज पहिल्यांदा तिने आठवून पाहिलं की त्या तिघांना कशात गुंडाळलं होतं. आठवेना. कोणी नेलं तेही एकाच्या बाबतीत आठवलं, दोघांच्या बाबतीत नाही.

घराच्या पुढच्या भागात घरमालकीण सिंधूताई राहत. पन्नाशी ओलांडलेल्या, लग्न न केलेल्या, टेलिफोन एक्स्चेंजात नोकरीला. सकाळची ड्यूटी करून दुपारी घरी आल्या की व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसून विणत. विणताना त्यांचं लक्ष रस्त्यावर असे. हात आपले आपण चालत. दुसऱ्या दिवशी दुपारी रुखमाबाई त्यांच्या पायरीवर जाऊन बसली.

"ताई, हे मले शिकवता काय?"

"कोणासाठी?"

"सुनेच्या लेकरासाठी."

सिंधूताईंच्या सुया थांबल्या. "बाळ अजून व्हायचंय. तुमच्यात चालतं असं आधी केलेलं?"

"चालत नाही."

"मग?"

"मंग काय. शिकवा तुम्ही."

सिंधूताई उठल्या, आणि आतून सुयांची एक जोडी आणि जुन्या मफलरची उसवलेली लोकर घेऊन आल्या.

रुखमाबाईचे हात कामाचे होते. निंदणाचे, कापूस वेचण्याचे, मोटेचा दोर धरलेले. त्या हातांना वाटलं होतं की दोन काड्यांचं काम ते काय. पण सुई बोटांत राहीना. लोकर बोटांच्या भेगांमध्ये अडकून तिचे तंतू निघत. सुईवर घातलेले टाके इतके घट्ट बसत की दुसरी सुई आत शिरायला जागाच उरत नसे.

"अहो, बैल बांधताय का?" सिंधूताई म्हणत. "सोडा सैल. धागा पळून नाही जात."

सैल सोडलं की टाका निसटे. तो पाच ओळी खाली धावत जाई आणि मध्ये शिडीसारखी फट पडे. कडेला कुठे नकळत टाके वाढत. आठवडाभर झटून तिने पहिला तुकडा विणला आणि व्हरांड्यात नेऊन दाखवला. खाली चार बोटं रुंद, वर वीतभर.

सिंधूताईंनी तो दोन्ही हातांनी ताणून धरला. "चौकोन सांगितला होता रुखमाबाई. हे सूप झालं." आणि सुई काढून त्यांनी धागा ओढला. सर्रकन सगळं उसवून त्यांच्या मांडीवर लोकरीचा ढीग पडला.

"काहून मोडलं हो, ताई? आठ दिवसाची मेहनत होती."

"लोकर कुठे गेली? ही काय इथेच आहे. उसवायची भीती गेली की विणायला येतं." वाकड्या झालेल्या लोकरीची त्यांनी लडी केली, ती पाण्यात बुडवली आणि दोरीवर टाकून खाली पाण्याने भरलेला गडू लटकावला. "उद्या सरळ होईल. मग पुन्हा घाला टाके."

रुखमाबाई खोलीत येऊन धुसफुसत बसली. सुपाची गोष्ट ऐकून प्रेमलता हसली. नागपुरात आल्यापासून तिचं हे पहिलंच हसणं होतं. पोट हलेल या धास्तीने तिने दोन्ही हात पोटावर धरले आणि तशीच हसत राहिली. रुखमाबाईचा राग कुठच्या कुठे गेला.

त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ ती हातांना खोबरेल तेल चोळू लागली. भांडी घासायला राखेऐवजी साबण आणला. बोटं जरा नरम पडली. सुलट टाका आधी बसला, मग उलट. एक सुलट एक उलट घेतलं की काठाला पट्टी येते आणि ती रबरासारखी ताणते, हे तिने जेव्हा स्वतःच्या हाताने केलं तेव्हा ती पट्टी तिने दिवसभर ओढून ओढून पाहिली. प्रेमलताच्या हाती लोकरीचा गुंडा आला. ती पडल्या पडल्या धागा सोडायची आणि ओळ संपली की टाके मोजून द्यायची.

"एक कमी आहे, आत्याबाई."

"नीट पाह्य."

"पाहिलं. मंघाच्या ओळीत दोन एकत्र घेतले तुम्ही. तिथं, अंगठ्यापाशी."

मग रुखमाबाई पुटपुटत ती ओळ एकेक टाका करून परत उसवायची. आता तिला ओढून सगळं मोडायची गरज उरली नव्हती.

हात बसल्यावर सिंधूताई म्हणाल्या की आता खरी लोकर आणू. ड्यूटीवरून येताना त्या बर्डीच्या बाजारात उतरल्या आणि पांढरी, आकाशी, फिकट पिवळी अशा तीन लड्या घेऊन आल्या. "लहान बाळाला पांढरा फार छान दिसतो," त्या म्हणाल्या. रुखमाबाईने पांढरी लडी उचलून बाजूला ठेवली. सिंधूताईंनी ती पिशवीत टाकली. प्रेमलताने पिवळ्या लडीवर बोट ठेवलं.

पाठीचा भाग पुरा झाला त्या रविवारी चंद्रभान आला. एस.टी.तून उतरून थेट पायी आलेला, धोतराला धूळ, खांद्यावर संत्र्यांची टोपली. त्याने टोपली दारात ठेवली, बायकोकडे पाहिलं, आणि मग त्याची नजर खाटेच्या पायथ्याशी पडलेल्या पिवळ्या विणीवर गेली.

"हे काय होय?"

रुखमाबाईने वीण उचलून मांडीवर घेतली.

"माय, तू करून राहिली हे? तू?"

"तिनं मागतलं," रुखमाबाई म्हणाली.

चंद्रभान पाणीही न पिता बाहेर गेला. गल्लीच्या तोंडाशी दवाखान्याची भिंत होती, तिला टेकून उभा राहिला. रुखमाबाई त्याच्या मागे गेली. तिशीतला तिचा मुलगा भिंतीचा पोपडा नखाने खरवडत होता.

"दोन्ही वेळा खड्डा म्याच खंदला, माय," तो तिच्याकडे न पाहता म्हणाला. "तुमी बाया घरात रडल्या. मी नाल्यावर एकटा होतो. आता हे नवं नवं पाहून मले भेव लागते."

"मले नाही लागत काय?"

"मंग काहून करतं?"

रस्त्याने एक रिक्षा गेली, आत कोणी बाई कण्हत होती. ती पुढे गेल्यावर रुखमाबाई म्हणाली, "आतापर्यंत मी सुनेचं पोट पाहात होती बाबू. हे टिकते का जाते, एवढंच. आता बाही केवढी पाहिजे, गळा केवढा पाहिजे, हे पाहा लागते. त्याचे हात डोळ्यासमोर येते. लेकरू येऊन राहिलं, असं मले पहिल्यांदाच वाटून राहिलं. तुझ्या वेळेलेही वाटलं नव्हतं."

चंद्रभान परत खोलीत आला. खाटेपाशी बसून त्याने संत्री सोलली आणि बायकोला एकेक फोड दिली. निघताना विणीवरून त्याने बोटाची मागची बाजू फिरवली. पुढची बाजू त्याची खरबरीत होती.

पौषात थंडी पडली. नागपुरात पडते तशी, कोरडी, हाडात शिरणारी. दोन्ही पुढचे भाग झाले. खांदे जोडले गेले. गळ्याचे टाके सिंधूताईंनी समोर बसून उचलून दाखवले, काजं कशी सोडायची ते दाखवलं, आणि गळ्याची पट्टी वाकडी गेली तेव्हा त्या पहिल्यांदाच म्हणाल्या, "राहू द्या. बाळाला नाही कळत." एक बाही पुरी झाली. दुसरी मनगटापासून वर चढत होती त्या दिवशी पहाटे प्रेमलताला कळा सुरू झाल्या. आठवा संपायला अजून अवकाश होता.

दवाखाना गल्लीच्या टोकालाच, पण तेवढंसुद्धा चालायचं नव्हतं. सिंधूताईंनी रिक्षा आणली, आणि चंद्रभानला निरोप पोचवायची तजवीज करायला त्या एक्स्चेंजात गेल्या. प्रेमलताला आत नेल्यावर दार बंद झालं. व्हरांड्यातल्या बाकावर रुखमाबाई एकटी उरली. पिशवीत तिने काय काय कोंबलं होतं ते तिने पाहिलं तेव्हा वरच विणकाम होतं.

ती विणत बसली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. आतून प्रेमलताचा आवाज आला की हात थांबत, मग पुन्हा चालत. काखेपाशी आल्यावर तिच्या लक्षात आलं की खाली एक टाका निसटला आहे. लहानसा होता. शिवणीत झाकला गेला असता. तिने क्षणभर विचार केला, तेवढ्या ओळी मागे उसवल्या, टाका सुईवर घेतला आणि पुन्हा विणत वर आली. बाही शिवून धागा दातांनी तोडला, त्यानंतर बऱ्याच वेळाने आतून एक बारीक आवाज आला. मांजरीच्या पिलासारखा. रुखमाबाईला आधी तो रडण्याचा आवाज आहे हे उमजलंच नाही. त्यांच्या घरात लेकराचं रडणं ऐकून तीस वर्षं झाली होती.

मुलगी झाली होती.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या त्या हसल्या नाहीत. "आजी, बाळ फार लहान आहे. श्वास घ्यायला त्रास होतो आहे. आम्ही करता येईल ते सगळं करतो आहोत. पण आज आणि उद्याचा दिवस कठीण आहे."

काचेच्या पेटीत दिवे लावून ऊब केली होती. पोरीला कापसात लपेटलं होतं, नुसतं तोंड दिसत होतं, रुखमाबाईच्या मुठीएवढं. कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा निळ्या दिसत. रुखमाबाईने पदराखालचा स्वेटर काढला. नुसता पुढे धरला. डॉक्टरीणबाईंनीच तो हातात घेतला, उलटसुलट केला.

"तुम्ही विणला?"

रुखमाबाईने मान डोलावली.

"कापसावरून घालू या. चालेल. ऊब राहील."

स्वेटर फार मोठा झाला. बाह्या दुमडून दुमडून वर घेतल्या तरी हात आतच राहिले. पिवळ्या लोकरीत ते चिमुकलं तोंड तेवढं वर आलं.

चंद्रभान संध्याकाळी पोचला. काचेपाशी उभा राहून बराच वेळ पाहत राहिला. "डोळे उघडते काय?" त्याने विचारलं. तेवढ्यात तिने उघडले. काही पाहिलं नसेल, पण उघडले. तो घाईने बाजूला झाला आणि बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुऊन आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी श्वास अडखळू लागला. डॉक्टरीणबाईंनी जे होतं ते करून पाहिलं. मग त्यांनी पेटी उघडली, पोरीला स्वेटरसकट उचललं आणि प्रेमलताच्या कुशीत दिलं. प्रेमलता रडली नाही. तिने एका बाहीची घडी उलगडली, आतला हात शोधून बाहेर काढला आणि आपलं बोट त्या तळव्यात ठेवलं. नाक पाहिलं, कान पाहिले. "कान यांच्यासारखे आहेत," ती चंद्रभानकडे पाहून म्हणाली. गळ्याशी सुटलेलं बटण लावलं. तशीच घेऊन पडून राहिली. पोर कधी गेली ते नक्की कोणाला कळलं नाही. प्रेमलतालाच आधी कळलं असावं, कारण तिने डोळे मिटले आणि हात काढला नाही.

आया आवराआवर करायला आली. बाई वाईट नव्हती. रुखमाबाईला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "माय, स्वेटर काढून ठेवा. नवाच आहे. पुढच्या खेपेले होईल."

"तिचा आहे तो," रुखमाबाई म्हणाली.

घाटाच्या एका अंगाला लहान लेकरांची जागा होती. बायका तिथे जात नसत. चंद्रभान पोरीला घेऊन निघाला तशी रुखमाबाईने पायात चपला घातल्या. "तू कुठी येतं, माय?" त्याने विचारलं. "एकटा नको जाऊ," ती म्हणाली. त्याने खणलं, तिने पोर धरली. खाली ठेवताना बाह्यांच्या घड्या तिने नीट केल्या. मातीचं पहिलं ढेकूळ फोडून, चुरून, मग टाकलं.

गावी परतायच्या दिवशी सिंधूताई ड्यूटीवर गेल्या नाहीत. त्यांनी चहा केला, प्रेमलताच्या पाठीवर हात ठेवला, आणि निघताना सुयांची जोडी आणि उरलेली लोकर पुढे केली. "घेऊन जा."

"नको ताई," रुखमाबाई म्हणाली. प्रेमलताने हात पुढे केला आणि ते आपल्या पिशवीत ठेवलं.

डॉक्टरीणबाईंनी चंद्रभानला स्पष्ट सांगितलं होतं की आता पुन्हा नको, बाई हाती लागणार नाही. पोर गेल्याची आणि स्वेटरची गोष्ट गावात त्यांच्या आधीच पोचली होती. शेजारच्या घरातली पार्वतीबाई, रुखमाबाईची चुलत जाऊ, सांत्वनाला आली. पदर डोळ्याला लावून बसली आणि मग म्हणाली, "तुमीच सांगा वं बाई, लेकरू यायच्या आधी कोणं स्वेटर विणते काय? तुमच्यासारख्या जाणत्या बाईनं असं करा? दिसलं ना काय झालं ते."

घाटावरून आल्यापासून रुखमाबाई स्वतःला हेच विचारत होती. प्रत्येक टाक्याबरोबर आपण कोणाला तरी सांगत होतो काय, की येऊन राहिलं, पाहून घे?

आतल्या खोलीतून प्रेमलताचा आवाज आला. "काकी, आधीच्या दोघाइसाठी कोणं विणलं होतं?"

पार्वतीबाई दूध तापत ठेवलं आहे म्हणाली आणि उठून गेली.

रुखमाबाई आत गेली. प्रेमलता भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर सुपात तांदूळ.

"खरं सांग, प्रेमा. तुले नाही वाटत काय, माझ्या हातानं झालं म्हणून?"

प्रेमलताने तांदळातला खडा वेचून बाजूला टाकला. घाईने नाही म्हणाली असती तर रुखमाबाईचा विश्वास बसला नसता. "वाटते कधी कधी," ती म्हणाली. "सकाळी जाग आली की वाटते. मंग ती डोळ्यासमोर येते. पिवळी. गळ्यापाशी पट्टी वाकडी. आधीचे दोघं मले आठवतच नाहीत, आत्याबाई. ते नुसते दुखणे होते. ही माही पोरगी होती. मी तिले पाहिलं."

रुखमाबाई तिथेच उंबऱ्यावर बसली आणि रडू लागली. दवाखान्यात रडली नव्हती, घाटावर नाही. नातीसाठी रडता रडता मध्येच आपल्या त्या तिघांसाठी रडू आलं, आणि त्यांचं काहीच आठवत नाही म्हणून आणखी आलं. प्रेमलताने सूप बाजूला ठेवलं आणि तिच्याजवळ येऊन बसली.

उन्हाळ्यात एक दिवस प्रेमलताने पिशवीतून सुया काढल्या. "मले शिकवा," ती म्हणाली. रुखमाबाईने आधी मान हलवली, नाही म्हणून. मग प्रेमलता आपल्याच मनाने टाके घालू लागली आणि इतके घट्ट घालू लागली की रुखमाबाईला बघवेना. "बैल बांधतं काय?" म्हणत तिने सुया हातात घेतल्या.

त्या वर्षी दोघींनी मिळून बरंच विणलं. चंद्रभान काटोलच्या बाजारातून लोकर आणून द्यायचा. गावातल्या काही म्हाताऱ्यांनी त्याला दुसऱ्या बायकोचं सुचवलं. तो ऐकून घ्यायचा आणि बागेत निघून जायचा. विणलेलं मात्र पेटीत पडून राहिलं. गावात कोणाला लेकरू झालं तरी या घरचा स्वेटर नेऊन द्यायची दोघींची हिंमत होत नव्हती, आणि मागायला कोणी आलं नाही. एकदा रुखमाबाई एका बारशाला पुडकं घेऊन गेली. घरच्यांनी ते हसून घेतलं. पुढे त्या लेकराच्या अंगावर ते कधी दिसलं नाही. तिने प्रेमलताला यातलं काही सांगितलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात संत्र्यांची तोड सुरू झाली. छिंदवाड्याकडचे मजूर दरसालप्रमाणे बायकापोरांसह येऊन बागेत पाल ठोकून राहिले. त्यातली फुलवती नावाची बाई पोटुशी होती, तरी टोपल्या वाहत होती. एका सकाळी चंद्रभान धावत घरी आला. "माय, बागेत बाई बाळंत झाली. गरम पाणी घेऊन चाल."

रुखमाबाई गेली. मुलगा झाला होता, चांगला टणक, पण रात्रीचं दव पडून पाल ओलं झालेलं आणि लेकराला बापाच्या गमछ्यात गुंडाळलेलं. ओठ निळसर पडले होते. रुखमाबाईने त्याला पुसलं, गमछ्यात परत घेतलं, आणि तडक घरी आली. पेटी उघडली. वर हिरवा स्वेटर होता, प्रेमलताने विणलेला, तिचा पहिला पुरा झालेला.

"हा नेऊ?" तिने विचारलं.

प्रेमलता चुलीपुढून उठली. "त्या बाईले सांगून द्या, आत्याबाई. नंतर कोणी सांगितलं तं तिले वाईट वाटन."

रुखमाबाई पुन्हा बागेत गेली. फुलवतीपुढे उकिडवी बसून, तोडक्यामोडक्या हिंदीत तिने सांगितलं. "बाई, ये मेरी बहू का बनाया है. उसके तीनो बच्चे नही रहे. तेरे को चलता क्या देख. नही चला तो बुरा नही मानती मै."

फुलवतीने आधी रुखमाबाईकडे पाहिलं, मग स्वेटरकडे. "ठंड है, माँजी," ती म्हणाली. "पहना दो."

रुखमाबाईने घातला. लेकराने हात आडवेतिडवे केले, बाहीत जाईनात, मग गेले. बटणं लावेस्तोवर ते मोठ्याने रडू लागलं आणि फुलवतीने त्याला छातीशी घेतलं. त्याच्या डोक्यावर हात ठेवून ती म्हणाली, "सिर खुला रह गया. टोपी भी बना देगी क्या तुम्हारी बहू?"

घरी येऊन रुखमाबाईने निरोप सांगितला. प्रेमलताने हातातली भाकर तव्यावर टाकली, उलटवली, भाजून खाली काढली. मग हात धुऊन पदराला पुसले.

"डोकं केवढं आहे त्याचं?"

"एवढं," रुखमाबाईने ओंजळ करून दाखवली.

"असं नाही जमत. सैल झाली तं डोळ्यावर येईल." प्रेमलताने लोकरीचा एक धागा तोडून बोटाला गुंडाळला आणि चपला घालून मोजायला बागेकडे निघाली.